नेटके छायाचित्र, विनामूल्य साधने

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व कार्यालयीन कर्मचारी यांच्यासमोर एका माहिती अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय वरवर पाहता किरकोळ वाटेल. छायाचित्र कातरणे, त्याचा आकार कमीजास्त करणे आणि ते कागदावर छापणे, यात व्याख्यान देण्याजोगे काय आहे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. परंतु आपल्या दैनंदिन कामाकडे जरा बारकाईने पाहावे. शिष्यवृत्तीचा अर्ज असो, घरकुलाचा प्रस्ताव असो, बंधाऱ्याच्या कामाचा अहवाल असो वा शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका असो. छायाचित्रावाचून कागद पुढे सरकत नाही. छायाचित्र ठरलेल्या मापाचे नाही म्हणून अर्ज अडतो, मुदत टळते, आणि ज्या मुलीसाठी योजना आखली तिच्यापर्यंत ती पोचत नाही. तेव्हा हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. तो सेवेचा आहे.

दुसरी गोष्ट अशी की, या कामासाठी महागडी संगणकप्रणाली लागते हा समज खरा नाही. लागणारी साधने विनामूल्य आहेत आणि त्यांतील काही तर आपल्या संगणकात आधीपासूनच आहेत. उणीव आहे ती थोड्या माहितीची. ती भरून काढावी, एवढाच माझा हेतू आहे.

ठिपक्यांचे चित्र

छायाचित्रणाची कला महाराष्ट्रात नवी नाही. मुंबईत १८५४ साली 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' ही संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळचे नामवंत छायाचित्रकार होते. त्या काळी काचेवर रसायनाचा थर देऊन चित्र घेत. पुढे फिल्म आली. या दोन्ही पद्धतींत चित्र रसायनात उमटत असे.

अंकीय छायाचित्र निराळे आहे. ते आकड्यांनी बनते. १९५७ साली अमेरिकेतील रसेल कर्श या शास्त्रज्ञाने आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र संगणकात उतरविले. त्या चित्रात आडवे १७६ आणि उभे १७६ एवढेच ठिपके होते. १९७५ साली कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने पहिला हाताळता येण्याजोगा अंकीय कॅमेरा तयार केला. त्याचे चित्र सुमारे १० हजार ठिपक्यांचे होते आणि ते कॅसेटवर नोंदविण्यास २३ सेकंद लागत. आज आपल्या खिशातील साध्या मोबाइलचे चित्र ४,००० गुणिले ३,००० म्हणजे १ कोटी २० लाख ठिपक्यांचे असते. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. प्रत्येक पिक्सेल म्हणजे एका रंगाचा एक ठिपका. रांगोळी जशी ठिपक्यांच्या हिशेबावर उभी राहते, तसेच हे चित्र पिक्सेलच्या हिशेबावर उभे असते.

तीन मापांचा घोटाळा

कार्यालयांत सर्वाधिक गोंधळ होतो तो तीन वेगळी मापे एकच मानल्यामुळे. ती तीन मापे अशी: पहिले, पिक्सेल, म्हणजे चित्रात ठिपके किती. दुसरे, सेंटिमीटर वा इंच, म्हणजे कागदावर चित्र केवढे. तिसरे, किलोबाइट म्हणजे केबी, अर्थात संगणकाच्या साठवणीत ते किती जागा अडविते.

पहिल्या दोन मापांना जोडणारा दुवा म्हणजे घनता. एका इंचात किती ठिपके बसवायचे, ते घनता सांगते. हातात धरून पाहावयाच्या चांगल्या छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके हे सर्वमान्य माप आहे. यावरून हिशेब सोपा होतो. ६ बाय ४ इंचांच्या छायाचित्राला १,८०० गुणिले १,२०० पिक्सेल लागतात. ए-४ आकाराचा पूर्ण कागद व्यापावयाचा तर सुमारे ३,५०८ गुणिले २,४८० पिक्सेल हवेत. पारपत्राच्या धर्तीवरील ३.५ बाय ४.५ सेंटिमीटर छायाचित्रास ४१३ गुणिले ५३१ पिक्सेल पुरतात. मोठ्या फलकाला ३०० चे माप लागत नाही. तो दुरून पाहावयाचा असल्याने त्याच्या निम्म्याहून कमी घनतेतही काम भागते.

हा हिशेब ठाऊक नसल्याने काय होते ते सांगतो. प्रसिद्धीसाठी आमच्याकडे येणारी पुष्कळ छायाचित्रे व्हॉट्सॲपवरून हातोहात फिरत आलेली असतात. पाठविताना ती आपोआप लहान होतात. १,२८० पिक्सेल रुंदीचे असे चित्र ३०० च्या घनतेने छापले तर जेमतेम सव्वाचार इंच भरते. गावाने श्रमदानातून उभारलेल्या पाझर तलावाचे चित्र पानभर छापावे अशी आमची इच्छा असते. पण मोठे केले की पाण्याच्या जागी चौकोनी तुकडे दिसू लागतात. चित्रात मुळात नसलेले ठिपके नंतर कोठून आणणार? म्हणून छपाईसाठी छायाचित्र पाठविताना ते 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावे, म्हणजे मूळ प्रत जशीच्या तशी पोचते. मोबाइलच्या पडद्याचे चित्र घेऊन, अर्थात स्क्रीनशॉट काढून पाठविणे तर कटाक्षाने टाळावे.

तिसरे माप केबीचे. १ कोटी २० लाख ठिपक्यांचे रंगीत चित्र जसेच्या तसे साठविले तर सुमारे ३६ मेगाबाइट जागा लागते. 'जेपेग' या पद्धतीने तेच चित्र काही थोड्या मेगाबाइटांत मावते. १९९२ साली मान्य झालेले हे तंत्र चित्राचे ८ गुणिले ८ ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि डोळ्यांना सहसा न जाणवणारा तपशील गाळून टाकते. गाळलेले परत येत नाही. चित्रात बदल करून तीच फाइल पुन:पुन्हा साठविली की प्रत्येक वेळी थोडी हानी होते. यातून पहिला नियम निघतो: मूळ प्रतीला कधीही हात लावू नये, काम नेहमी नकलेवर करावे. तलाठ्याच्या दप्तरातील मूळ नोंदीवर आपण खाडाखोड करतो काय? हेही तसेच दप्तर आहे.

साधने कोणती?

विंडोज संगणकातील 'पेंट' हे साधन १९८५ पासून आपल्यासोबत आहे. चित्र कातरणे, आकार बदलणे आणि दुसऱ्या नावाने साठविणे ही तीन कामे ते चोख करते. अनेकांना या तीन कामांपलीकडे कशाचीच गरज नसते.

दुसरे साधन 'इर्फानव्ह्यू'. मूळचे बोस्नियाचे आणि व्हिएन्ना येथे शिकलेले इर्फान श्किल्यान यांनी ते १९९६ मध्ये प्रसिद्ध केले. ते आकाराने लहान असून जुन्या संगणकावरही झपाट्याने चालते. एकाच वेळी शेकडो छायाचित्रांचा आकार बदलण्याची त्याची सोय शाळांना विशेष उपयोगी आहे. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. ते घरगुती आणि शैक्षणिक वापरासाठी विनामूल्य आहे. व्यावसायिक वापरासाठी नाही. शाळेने ते नि:शंक वापरावे; कार्यालयांनी परवान्याच्या अटी वाचून निर्णय घ्यावा.

तिसरे साधन 'गिम्प'. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी ते तयार केले आणि १९९६ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. हे मुक्त साधन आहे. घर, शाळा, कार्यालय, दुकान, कोठेही वापरण्यास मुभा आहे. विंडोज आणि लिनक्स या दोन्हींवर ते चालते. उजेड-अंधाराचा तोल साधणे, जुन्या चित्रावरील डाग काढणे अशी नाजूक कामे त्यात होतात. शिकण्यास थोडा वेळ लागतो, तो द्यावा. छापावयाची पाने मांडण्यासाठी 'लिबरऑफिस' हेही असेच मुक्त साधन आहे.

चित्रावर मराठी मजकूर लिहावयाचा असल्यास मुंबईच्या 'एक टाइप' या समूहाने घडविलेले 'मुक्त' आणि 'बलू' हे युनिकोड टंक विनामूल्य मिळतात. त्यांत जोडाक्षरे व्यवस्थित उमटतात.

कामाचा क्रम

साधन कोणतेही असो, क्रम एकच ठेवावा. प्रथम नक्कल करावी. मग चित्र वाकडे असल्यास सरळ करावे. त्यानंतर कातरावे, म्हणजे अनावश्यक भाग काढून टाकावा. मग उजेड वाढवावा वा कमी करावा. त्यानंतर आकार बदलावा आणि शेवटी नव्या नावाने साठवावे. आकार आधी कमी करून नंतर कातरले तर हाती अगदीच थोडे ठिपके उरतात, हे ध्यानात असावे.

आकार बदलताना रुंदी आणि उंचीचे प्रमाण कायम राखण्याची खूण तपासावी. ती खूण नसताना केवळ रुंदीचा आकडा बदलला की चेहरा पसरट वा लांबट होतो. पुष्कळ फलकांवरील मान्यवर ओळखू येत नाहीत, त्याचे कारण हेच असते.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या अर्जासाठी ३.५ बाय ४.५ सेंटिमीटर मापाचे आणि २० ते ५० केबी वजनाचे छायाचित्र मागितले आहे. विद्यार्थिनीला फिकट भिंतीसमोर, खिडकीच्या उजेडाकडे तोंड करून उभे करावे. भिंतीपासून हातभर पुढे उभे केल्यास मागे सावली पडत नाही. छायाचित्र संगणकात घेऊन त्याची नक्कल करावी. ३.५ ला ४.५ म्हणजे ७ ला ९ हे प्रमाण. 'इर्फानव्ह्यू'मध्ये कातरण्याच्या चौकटीला हे प्रमाण देता येते. ती चौकट चेहरा आणि खांदे येतील अशी बसवून कातरावे. मग रुंदी ४१३ आणि उंची ५३१ पिक्सेल करावी. 'सेव्ह ॲज' देऊन जेपेग निवडावे आणि दर्जाचा आकडा ८० ठेवून फाइलचे वजन पाहावे. ५० केबीहून जास्त भरले तर दर्जाचा आकडा थोडा उतरवावा. २० हून कमी भरले तर चढवावा. दोन-तीन प्रयत्नांत काम होते. वजन कमी करण्यासाठी पिक्सेल वाटेल तसे घटविणे हा चुकीचा मार्ग आहे. त्याने चेहरा पुसट होतो आणि अर्ज पुन्हा परत येतो.

वर्गात ४० विद्यार्थी असतील तर एका दुपारी सर्वांची छायाचित्रे घेऊन वर्गशिक्षकाला हे काम उरकता येईल. जिरायती गावातील पालकांचा तालुक्याला जाण्यायेण्याचा खर्च आणि बुडणारी मजुरी वाचते. ही बचत कोणत्याही अहवालात दिसत नाही. पण ती खरी असते.

छपाई करताना

मोबाइलच्या चित्राचे प्रमाण बहुधा ४ ला ३ असते. छपाईचा नेहमीचा कागद मात्र ६ बाय ४ इंचांचा, म्हणजे ३ ला २ प्रमाणाचा असतो. चित्र पूर्ण कागदभर छापले की वरचा-खालचा मिळून एक नवमांश भाग कापला जातो. समूहचित्रात मागच्या रांगेतील डोकी किंवा पुढच्या रांगेतील पाय जातात ते यामुळेच. उपाय दोन. छायाचित्र घेताना वर-खाली थोडी मोकळी जागा ठेवावी, आणि छपाईला देण्यापूर्वी ते स्वत: ३ ला २ प्रमाणात कातरून घ्यावे. काय जावे आणि काय राहावे हे आपण ठरवावे, यंत्राने नव्हे.

अर्जावर चिकटविण्याची छायाचित्रे छापताना ६ बाय ४ इंचांच्या एका कागदावर आठ प्रती बसतात. कागद १५.२४ बाय १०.१६ सेंटिमीटर भरतो. चार प्रती आडव्या ओळीत घेतल्यास १४ सेंटिमीटर आणि दोन ओळी मिळून ९ सेंटिमीटर होतात. 'लिबरऑफिस रायटर'मध्ये पानाचे माप हेच ठेवावे, चित्र घालून त्याला ३.५ बाय ४.५ हे माप द्यावे आणि त्याच्या आठ नकला मांडाव्यात. छापताना मात्र 'पानात बसवा' हा पर्याय न निवडता 'मूळ माप' हा पर्याय निवडावा. नाहीतर सारी मापे बिघडतात.

कागदाची निवड महत्त्वाची आहे. शाईच्या छपाईयंत्रात, म्हणजे इंकजेटमध्ये, छायाचित्राचा चकचकीत कागद वापरावा आणि यंत्राच्या रचनेत तोच कागद निवडावा. हाच इंकजेटचा कागद लेझर छपाईयंत्रात कधीही घालू नये. आतील उष्णतेने त्याचा थर वितळून यंत्र निकामी होऊ शकते. ताजी छपाई वाळल्याखेरीज प्लास्टिकच्या वेष्टनात घालू नये. थेट उन्हात आणि ओलीत रंग उडतात. कार्यालयाच्या भिंतीवर वर्षानुवर्षे लावावयाचे छायाचित्र रंगद्रव्याच्या, म्हणजे पिगमेंट शाईने छापलेले असल्यास अधिक टिकते.

शाळेची जुनी छायाचित्रे संगणकात घेताना लहान चित्रांसाठी इंचाला ६०० ठिपके हे माप ठेवावे, म्हणजे ती दुप्पट मोठी करूनही स्वच्छ छापता येतात.

सुधारणा कोठे थांबावी?

आता जरा गंभीर मुद्द्याकडे वळतो. ही साधने हाती आली की काय करता येते यापेक्षा काय करू नये हे जाणणे अधिक अगत्याचे आहे. उजेड वाढविणे, तिरके चित्र सरळ करणे, कडा कातरणे ही नीटनेटकेपणाची कामे आहेत. परंतु कामाच्या अहवालातील छायाचित्र हा पुरावा असतो. त्यातून एखादा खड्डा पुसणे, रोपे वाढविणे, जुन्या चित्रावर नवा दिनांक घालणे हे फेरफार आहेत, आणि सार्वजनिक पैशाच्या हिशेबात त्यांना दुसरे नाव नाही. मोबाइलमधील अनेक नवी साधने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधारे पुसट चित्र 'स्पष्ट' करतात. ती मुळात नसलेला तपशील कल्पनेने भरतात. स्मरणिकेसाठी ते एकवेळ चालेल, आणि तेथेही तशी नोंद द्यावी. पंचनाम्याच्या वा कामाच्या चित्रावर ती मुळीच वापरू नयेत.

प्रत्येक मूळ छायाचित्राच्या पोटात दिनांक, वेळ आणि पुष्कळदा स्थळाचे अक्षांश-रेखांश नोंदलेले असतात. ग्रामीण रोजगार हमीच्या कामांतून निर्माण झालेल्या मालमत्तांची अशा स्थळनोंदींसह छायाचित्रे ठेवण्यास २०१६ मध्ये सुरुवात झाली ती याच आधारावर. व्हॉट्सॲपवरून चित्र म्हणून पाठविले की ही नोंद पुसली जाते. पुढे वाद न्यायालयात गेला तर मूळ प्रतीचे मोल कळते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ अन्वये अंकीय नोंद पुरावा म्हणून दाखल करताना तिच्यासोबत विहित प्रमाणपत्र द्यावे लागते. ज्याच्याकडे मूळ फाइल नाही, त्याने प्रमाणपत्र कशाचे द्यावे? म्हणून मूळ प्रती वर्ष, महिना, दिनांक आणि कामाचे नाव घालून, निरनिराळ्या दोन ठिकाणी जपून ठेवाव्यात.

चेहरा ज्याचा, हक्क त्याचा

शेवटचा मुद्दा नागरिकांच्या विश्वासाचा. छायाचित्राचा आकार फुकट बदलून देणारी अनेक संकेतस्थळे आहेत. तेथे चित्र चढवावे लागते, म्हणजे ते आपल्या हातातून परक्या संगणकात जाते. लाभार्थ्यांची छायाचित्रे, आधारपत्रे आणि स्वाक्षऱ्या तेथे चढविणे धोक्याचे आहे. आपल्या संगणकातील साधनाने तेच काम दोन मिनिटांत होत असताना हा धोका पत्करण्याचे कारणच नाही.

मुलांची छायाचित्रे प्रसिद्ध करण्यापूर्वी पालकांची लेखी संमती घ्यावी. अत्याचाराला बळी पडलेल्या बालकाची ओळख छायाचित्रातून उघड करण्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्याने मनाई केलेली आहे. घराचे स्थळ सांगणारी अक्षांश-रेखांशांची नोंद प्रसिद्धीच्या प्रतीतून काढून टाकावी. मूळ प्रतीत ती राहू द्यावी. मदत घेणाऱ्या वृद्धेचे छायाचित्र घेताना तिचा मानही चौकटीत राहिला पाहिजे. हे कोणतेही साधन शिकवीत नाही. ते आपल्याला शिकावे लागते.

मित्रहो, माझी आपणांस एकच सूचना आहे. प्रत्येक शाळेत आणि प्रत्येक ग्रामपंचायतीत निदान दोन व्यक्तींनी हे काम शिकून घ्यावे. एकीची बदली झाली तरी विद्या गावात राहील. शिकण्यास एक आठवडा पुरेल, साधनांना पैसा लागणार नाही, आणि पुढील शिष्यवृत्तीच्या मुदतीत आपल्या गावातील एकही अर्ज केवळ छायाचित्रापायी परत येणार नाही. एवढे घडले तरी आजच्या या वर्गाचे सार्थक झाले असे मी मानीन.